नाव काय येतंय?

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात शहाण्या माणसाने तपकीर गल्लीकडे फिरकू नये हे मला पुण्यात एवढी वर्षं काढल्यावर चांगलं कळतं, तरी गेले, कारण फोनचा डिस्प्ले गेला होता. म्हणजे फोन जिवंत होता, वाजत होता, मेसेज आला की थरथरत होता, फक्त दिसत काही नव्हतं, आणि आपल्याला कुणीतरी काहीतरी सांगतंय पण काय ते कळत नाहीये अशा अवस्थेत चार तास काढल्यावर मी कुठल्याही गर्दीत घुसायला तयार झाले होते. बाहेर लायटिंगच्या माळांचे ढीग, पाऊस भुरभुर, छत्र्यांच्या काड्या डोळ्यात जाण्याइतकी गर्दी, आणि आत एवढुसं दुकान, त्यात सोल्डरिंगचा तो जळका गोडसर वास. काउंटरवरच्या पोराने माझा फोन उलटापालटा करून बघितला, पैसे सांगितले, मी दोनशे कमी करायला लावले, आणि मग त्याने मान वर न करता विचारलं, लॉक काय आहे? मी सांगितलं. उलटा एल. त्याने मास्किंग टेपचा तुकडा फाडला, त्यावर नऊ ठिपके काढले, उलटा एल जोडला, आणि फोनच्या पाठीवर चिकटवून टाकला. दोन सेकंदांचं काम. माझे फोटो, माझी बँक, आईचे रिपोर्ट, मैत्रिणींशी केलेल्या नको त्या चुगल्या, सगळं एका चिकटपट्टीवर.

माझ्या शेजारी स्टुलावर एक बाई बसली होती. पस्तिशीची असेल, बदामी रंगाचा पंजाबी ड्रेस, पायात पावसाळी चपला, मांडीवर नायलॉनची पिशवी आणि तीतून डोकावणारी कोथिंबिरीची जुडी. तिच्या फोनची बॅटरी फुगली होती, मागचं झाकण कानवल्यासारखं वर आलेलं. पोराने तिलाही लॉक विचारलं. ती म्हणाली, लॉक मी टाकते, माझ्यासमोर उघडा. तो म्हणाला, ताई दोन तास लागतील, लाइन आहे, सांगून ठेवा आणि बाजार करून या. ती म्हणाली, बसते की. विजापूरकडचा हेल होता बोलण्यात. पोरगा जरा वैतागला, बसा मग म्हणाला. आणि ती खरंच बसली.

मलाही डिस्प्ले तिथेच थांबून लावून घ्यायचा होता, म्हणून आम्ही दोघी बसलो. थोडं बोललो. पाऊस, कोथिंबिरीचा भाव, गणपतीत रस्ते कधी बंद होणार. तेवढ्यात तिचा फोन वाजला, तिने कापला, परत वाजला, परत कापला, तिसऱ्यांदा तिने उचलला आणि मला एकदम वाटलं की स्टुलावर दुसरंच कुणीतरी येऊन बसलं. हां जी बोलिये, असं काहीतरी, आवाज पातळ, लाडीक, हिंदी गुळगुळीत. अर्ध्या मिनिटात फोन ठेवला आणि त्याच दमात पिशवीतली कोथिंबीर नीट करत मला म्हणाली, पंधराला दिली, चिखलाचीच आहे सगळी. मग एक व्हॉइस मेसेज आला तो तिने कानाला लावून ऐकला, पण आवाज मोठा होता म्हणून मलाही ऐकू आला, कुठल्यातरी शाळेच्या बाई सांगत होत्या की उद्या चित्रकलेची वही आणि मेणाचे खडू आणायचे आहेत.

तिचं काम झालं. पाठीला पाठ लावून उभं राहावं तसं उभं राहून तिने लॉक उघडलं, फोन चालतोय बघितलं, ड्रेसच्या आतल्या बटव्यातून नोटा काढून मोजून दिल्या आणि गर्दीत गेली. ती गेल्यावर दुकानातल्या पोराने माझ्याकडे बघत मान किंचित एका बाजूला हलवली. पलीकडची आहे, म्हणाला, म्हणजे बुधवार पेठेतल्या धंद्याच्या गल्लीतली.

बास, एवढंच झालं.

पण मला जे टोचत राहिलं ते असं की त्याने मान हलवायच्या आधी मी तिच्याशी तासभर कोथिंबिरीवर बोलले होते आणि मान हलवल्यावर मी लगेच डोक्यात मागे जाऊन तिची लिपस्टिक आठवायला लागले. होती का? होती, फिकट. माझीही होती की. नखं? रंगवलेली. पंजाब्याचा गळा? अहो गळा म्हणजे गळा. मी एका माणसाची परत झडती घेत होते, ती तिथे नसताना, आणि तिने स्वतःचं लॉक का सांगितलं नाही हे कळायला मला घरी पोचेपर्यंत वेळ लागला. ज्या बाईच्या एकाच फोनमध्ये दोन आयुष्यं आहेत, एक मेणाच्या खडूंचं आणि एक हां जी बोलिये वालं, ती मास्किंग टेपवर ठिपके कसे काढू देईल कुणाला.

आम्ही लहान असताना जूनमध्ये अप्पा बळवंत चौकात पुस्तकं घ्यायला यायचो. आई माझं मनगट धरायची, हात नाही, मनगट. नव्या वह्यांचा वास, खाकी कव्हरांची गुंडाळी काखेत, आणि मग एका वळणावर आईची चाल बदलायची, मनगटावरची पकड घट्ट व्हायची आणि ती म्हणायची पुढं बघून चाल. अर्थात मी बाजूलाच बघायचे. दारात उभ्या बायका दिसायच्या, पावडर मानेपर्यंत आलेली, काहींच्या हातात कोपरापर्यंत बांगड्या. एकदा एक बाई पायरीवर बसून एका मुलीच्या केसातल्या उवा काढत होती, अगदी माझी आजी काढायची तशीच, दोन अंगठ्यांची नखं एकमेकांवर दाबून. मी आईला विचारलं त्या कोण आहेत. आई म्हणाली, कुणी नाहीत. हे उत्तर मला तेव्हा पटलं नव्हतं, कारण इतक्या सगळ्या बायका कुणीच नाहीत कसं शक्य आहे. एकाच पेठेत दगडूशेठचा गणपती, पुस्तकांची दुकानं, वायरी आणि स्पीकरची दुकानं आणि ती गल्ली. पुणेकर इतकी वर्षं हे सगळं एकमेकांना न शिवता वापरतोय, कौतुकच आहे म्हणायचं.

आता त्या बाजूने गेलं तर दारात उभ्या बायका पूर्वीपेक्षा कमी वाटतात. ज्या असतात त्यातल्या बऱ्याच बसलेल्या असतात, मान खाली, अंगठा वरखाली. इथे निळा उजेड चेहऱ्यावर पडला होता वगैरे लिहायचा मोह होतोय पण खरं सांगायचं तर ट्यूबलाइट होती. रिक्षाच्या स्टँडवरचे रिक्षावाले, बँकेच्या रांगेतल्या आम्ही, आणि त्या, सगळ्यांची मान आता एकाच कोनात वाकलेली असते.

माझी एक मैत्रीण या बायकांबरोबर काम करणाऱ्या एका संस्थेत पंधराएक वर्षं आहे. तिला मी त्या दिवसाचं सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल बिचारी. ती म्हणाली, हुशार आहे बाई, लॉक दिलं नाही ते बरं केलं. मग आम्ही तिच्या गच्चीवर बसून खूप वेळ बोललो, आणि तेव्हा मला कळलं की मोबाईलने या धंद्याचं काय केलं हे आपण समजतो तसं सरळ नाहीये.

तिच्या मते सगळ्यात मोठा बदल इंटरनेटने केलाच नाही. तो झाला २००३ मध्ये, जेव्हा इनकमिंग फुकट झालं. तोपर्यंत गिऱ्हाइकाला गल्लीत यावं लागायचं, माडी चढावी लागायची, घरवालीसमोर, म्हणजे कुंटणखाना चालवणाऱ्या बाईसमोर, उभं राहावं लागायचं. घरवाली अर्धे पैसे ठेवायची, त्याला अधिया म्हणतात, आणि जी नवीन आलेली किंवा विकत आणलेली असेल तिला ते अर्धेही बघायला मिळायचे नाहीत. इनकमिंग फुकट झाल्यावर जुन्या ओळखीचं गिऱ्हाईक थेट फोन करायला लागलं. ज्यांना जमलं त्या बाहेर पडल्या, कुणी धनकवडीला खोली घेतली, कुणी हडपसरला. शेजाऱ्यांना सांगायचं कॅटरिंगमध्ये आहे, किंवा नर्सिंग ब्युरोमध्ये. डबा घेऊन सकाळी निघायचं आणि संध्याकाळी परत. मैत्रीण म्हणाली, त्यातल्या एकीने मला पहिल्यांदा स्वतःच्या खोलीचा गॅस दाखवला होता, शेगडी अगदी हाताने पुसून, जसं कुणी नवं बाळ दाखवतं.

मग २०१६. त्या सप्टेंबरमध्ये जिओ आलं, गल्लीत सगळ्यांच्या हातात नेट, आणि दोन महिन्यांत ८ नोव्हेंबरला रात्री आठ वाजता नोटा गेल्या. ज्या बायकांचं बँकेत खातंच नव्हतं त्यांनी पत्र्याच्या ट्रंकेत, उशीच्या अभ्र्यात, घरवालीकडे विश्वासाने ठेवलेल्या पाचशेच्या नोटा. त्या बदलून द्यायला जे लोक पुढे आले त्यांनी काय कमिशन घेतलं असेल ते वेगळं सांगायला नको. आणि गिऱ्हाइकं खिसे उलटे करून दाखवायची, कॅश नाही म्हणून. पुढे यूपीआय रुळलं तरी सुरुवातीला यांच्याकडे स्कॅनर नव्हता, मग कोपऱ्यावरच्या पानटपरीचा क्यूआर कोड कामाला यायचा. गिऱ्हाइकाने टपरीवर स्कॅन करायचं, टपरीवाल्याने आपले दहा-वीस कापून उरलेले रोख द्यायचे. म्हणजे घरवालीचा अधिया सुटला आणि टपरीवाल्याचा सुरू झाला. ते नुसतंच वाजत राहणारं स्पीकरचं डबडं, इतके रुपये प्राप्त झाले, ते माझ्या मैत्रिणीला आता कुठेही ऐकलं की तो टपरीवाला आठवतो म्हणे.

खातं का नव्हतं? कारण आधार नव्हतं. आधार का नव्हतं? पत्ता काय सांगणार. घरून पळून आलेली किंवा आणून विकलेली बाई बापाचं नाव, गावचा पत्ता आणि त्याचा पुरावा कुठून आणेल. कोलकात्यातल्या एका बाईच्या १९९९ मधल्या खुनाच्या खटल्यातून वाढत गेलेलं एक प्रकरण सुप्रीम कोर्टात वर्षानुवर्षं चाललं होतं, त्यात १९ मे २०२२ ला न्या. नागेश्वर राव, न्या. गवई आणि न्या. बोपण्णा यांच्या खंडपीठाने आदेश दिला, की नॅकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, किंवा राज्याच्या एड्स नियंत्रण संस्थेच्या अधिकाऱ्याच्या दाखल्यावर अशा बायकांना पत्त्याच्या पुराव्याशिवाय आधार द्यायचं. आणि त्यात एक वाक्य आहे ते मला फार आवडतं, की कार्डधारक या व्यवसायात आहे हे ओळखू येईल असा कुठलाही कोड आधारच्या नोंदणी नंबरात असता कामा नये. कुणीतरी बसून हा विचार केला. नंबरातला एखादा आकडासुद्धा चहाडी करू शकतो हे कुणाच्यातरी लक्षात आलं.

पण आकड्याने केली नाही ती चहाडी नावाने केली.

हे असं झालं. आधार आलं, खातं उघडलं, बायकांनी स्वतःचे क्यूआर कोड काढले, लॅमिनेशन करून आणले. आणि पहिल्याच गिऱ्हाइकाने स्कॅन करून विचारलं, नाव काय येतंय बघ, हेच ना? आपण सगळेच विचारतो, भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला, नाव काय येतंय, आणि तो म्हणतो हां तेच, भावाचं आहे. आता या धंद्यात नाव ही पहिली भिंत असते. घरून येताना जे नाव असतं ते गल्लीच्या तोंडाशी ठेवून द्यायचं आणि दुसरं घालायचं, रेश्मा, काजल, पूजा, जे असेल ते. पिढ्यानपिढ्या ही सोय चालली. तिच्या जोरावर माणूस गावी जत्रेला जाऊ शकतो, भाच्याच्या बारशाला जाऊ शकतो. आणि यूपीआयवर बँकेतलं नाव येतं, पूर्ण, आडनावासकट, कधीकधी बापाच्या नावासकट. काजल म्हणून बसलेल्या बाईचं खरं नाव एका अनोळखी माणसाच्या स्क्रीनवर. तो मनात वाचेल, मोठ्याने वाचेल, आडनावावरून जात काढेल, जिल्हा काढेल, आमच्या पावण्यांत याच आडनावाचे आहेत म्हणेल. मैत्रीण म्हणाली, एकीला एकाने नुसतं आडनाव घेऊन हाक मारली, शाळेत मारतात तशी, तर ती चार दिवस तापाने पडली होती.

आणि नुसतं यूपीआय नाही. नंबर टाकला की नाव सांगणारी ॲपं असतात ना, त्यात नाव कुठून येतं, तर लोकांनी आपापल्या फोनात जे सेव्ह केलंय त्यातून. गिऱ्हाइकाने काय नावाने सेव्ह केलं असेल? मुलाच्या शाळेतून फोन आला तेव्हा समोरच्या बाईंना स्क्रीनवर काय दिसलं असेल? हे जिच्या बाबतीत झालं तिने नंबर बदलला, मग शाळाही बदलली. आता तिच्याकडे दोन फोन आहेत, एक साधा बटणाचा, तो शाळेसाठी, आणि तो ती कधीच कुणाच्या हातात देत नाही.

मी हा ब्लॉग टोपणनावाने लिहिते हे इथे येणाऱ्यांना माहितीये. मला कुणीही विचारत नाही की का बरं. लेखिकेचं टोपणनाव म्हणजे कसं छान वाटतं.

लॉकडाऊनबद्दल लिहायचं तर एक वेगळा लेख होईल. मार्च २०२० मध्ये एका रात्रीत गल्ली बंद, आणि जो धंदा मुळातच जवळ येण्याचा तो करायचा कसा. तेव्हा व्हिडिओ कॉल सुरू झाले, बातम्याही आल्या होत्या. आपण घरी बसून झूम मीटिंगमध्ये मागचं कपाट दिसू नये म्हणून धडपडत होतो तेव्हा या बायका एका खोलीत चौघी, मध्ये साडीचा पडदा, रेंज फक्त खिडकीपाशी, आणि त्याच एका फोनवर सकाळी मुलाचा ऑनलाइन वर्ग. मैत्रिणीने सांगितलं की त्यांनी तेव्हा बायकांना शिकवलं ते असं, चेहरा फ्रेममध्ये घ्यायचा नाही, मागे कॅलेंडर नको कारण त्यावर दुकानाचं नाव असतं, पैसे आधी, आणि स्क्रीनशॉट दाखवला तर विश्वास ठेवायचा नाही, खात्यात आले का बघायचं. शेवटचं तर कुठल्याही किराणावाल्याचं धोरण आहे. त्या सप्टेंबरात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ओळखपत्र न मागता यांना रेशन द्या, आणि मग आपल्या सरकारने ऑक्टोबर ते डिसेंबर महिन्याला ५००० रुपये आणि शाळेत जाणारी मुलं असतील त्यांना २५०० वर असं जाहीर केलं. त्यासाठी यादी करायची होती. त्या यादीत नाव घालायला कितीतरी जणी तयार नव्हत्या. पैसे हवे होते, उपाशी होत्या, पण यादी नको. एकदा सरकारी यादीत आलं की आलं.

कायद्याचं तर विचारूच नका. १९५६ चा कायदा आहे, त्यात सज्ञान बाईने स्वतःच्या मर्जीने पैसे घेऊन हे करणं हा थेट गुन्हा नाही, पण कुंटणखाना चालवणं गुन्हा, रस्त्यावर बोलावणं गुन्हा, तिच्या कमाईवर सज्ञान माणसाने जगणं गुन्हा, म्हणजे अठरा वर्षांचा झालेला मुलगा आईच्या पैशावर कॉलेज करत असेल तर कागदावर तोही अडकू शकतो. आणि देऊळ, शाळा, हॉस्पिटल यांच्यापासून दोनशे मीटरच्या आत नको. मी परत परत हे दोनशे मीटर मोजत बसते. फोनपासून देऊळ किती मीटरवर असतं? तो कायदा ज्या जगासाठी लिहिला त्यात जिना होता, दार होतं, गॅसबत्ती नसली तरी दिवा होता. आता दार खिशात आहे. आणि खिशातल्या दारासाठी दुसरा कायदा आहे, आयटी ॲक्टचं कलम ६७ अ, लैंगिक कृतीचा मजकूर पाठवला तर पहिल्या वेळेला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. समजा एखाद्या गिऱ्हाइकाने तिचा कॉल चोरून रेकॉर्ड केला आणि तो फिरवला. तर ती पोलिसात जाऊ शकते, खासगीपणाचा भंग म्हणून कलम ६६ ई आहे, १९३० या सायबर तक्रारींच्या हेल्पलाइनला फोन करता येतो. पण गेल्यावर पहिला प्रश्न काय येणार, तू हे पाठवत होतीस का? फिर्यादीला गेलेली बाई कुठल्या क्षणी आरोपी होईल याचा तिलाच भरवसा नाही, म्हणून ती जात नाही. पैसे देऊन मिटवते, किंवा नंबर बदलते.

इथे कुणी म्हणेल की मग फोनने वाटोळंच केलं. मीही गच्चीवर असंच काहीतरी म्हणाले, म्हणजे आधीचंच बरं होतं की काय. मैत्रीण चिडली. म्हणाली, आधीचं बरं होतं असं फक्त आधी तिथे न राहिलेली बाई म्हणू शकते. अर्धे पैसे, कर्ज, दार बाहेरून बंद. पण मग थोडं थांबून म्हणाली, एक गोष्ट मात्र होती, ओरडलं तर कुणीतरी यायचं. माडीवर गिऱ्हाइकाने हात उचलला, दारू पिऊन तमाशा केला, तर पाचजणी चपला घेऊन आत घुसायच्या, घरवाली पुढे. गल्लीला डोळे होते. आता ती हायवेच्या लॉजवर एकटी जाते आणि सोबत कोण, तर मैत्रिणीला पाठवलेलं लाइव्ह लोकेशन. नकाशावरचा तो ठिपका. ठिपका अर्धा तास हलला नाही तर फोन करायचा असं ठरलेलं असतं. दुसऱ्या टोकाची गोष्टही तिनेच सांगितली, की हाच ठिपका दलालाच्या फोनमध्ये असेल तर ती साखळी असते. कुठे आहेस, दाखव, कॅमेरा फिरव, खोली दाखव. पूर्वी दार बाहेरून बंद करावं लागायचं, आता लोकेशन ऑन ठेव म्हटलं की झालं. आणि ज्या मुली कोवळ्या असतात, फसवून आणलेल्या, त्यांना पूर्वी गल्लीत कुणीतरी बघायचं तरी. कार्यकर्ती बघायची, शेजारची बघायची, धाड पडायची. आज एखाद्या सोसायटीतल्या बंद फ्लॅटमध्ये कुणाला दिसणार आहे ती.

हेच तिच्या रोजच्या कामाचंही झालंय. पूर्वी पीअर, म्हणजे त्यांच्यातलीच एक शिकवून तयार केलेली बाई, पिशवीत निरोधची पाकिटं घेऊन खोलीखोलीत जायची, कोण आजारी आहे, कुणाची तपासणी राहिलीये, सगळं तोंडपाठ. सांगलीत, पुण्यात, मुंबईत एड्सच्या भीतीच्या काळात जे उभं राहिलं ते अशा पायी फिरण्यावर उभं राहिलं. सांगलीच्या बायकांनी तर १९९६ मध्ये स्वतःची परिषद काढली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद, तो शब्द नावातच ठेवून, ज्याला घाबरायचं तोच दारावर पाटीसारखा लावला. सरकारी कागदांत हॉटस्पॉट म्हणतात, अमुक गल्ली, तमुक नाका, एवढ्या बायका. आता हॉटस्पॉट कुठे आहे? आपण मोबाईलवरून नेट देतो त्यालाही हॉटस्पॉटच म्हणतो, आणि मैत्रीण म्हणाली आम्हाला आता तोच शोधत फिरायला लागतं. तिची पीअर मेसेज पाठवते, क्लिनिकची वेळ, औषधाची आठवण. दोन निळ्या टिका येतात. बाई येत नाही. निळ्या टिकेला ताप आलाय की नाही हे कपाळाला हात लावून बघता येत नाही.

सगळ्यात जास्त मला आश्चर्य वाटलं ते एका वेगळ्याच गोष्टीचं. मी विचारलं, एवढे फोन येतात तर बोलतात काय लोक? मला आपलं वाटलेलं की त्याच त्या गोष्टी. मैत्रीण म्हणाली, निम्मे जण विचारतात जेवलीस का. आणि मग वाट बघतात की तिने उलट विचारावं. तुम्ही जेवलात का. एक जण आहे, ट्रान्सपोर्टच्या गाडीवर असतो, नागपूर-पुणे-नागपूर, तो रात्री धाब्यावरून फोन लावतो आणि तिला आपल्या बैलाबद्दल सांगतो. बैल गेल्या वर्षी विकला. घरी बोललं की बायको म्हणते झालं ते झालं, पैसे आले ना. म्हणून हिला फोन. मिनिटाचे पैसे ठरलेले. ती मटार सोलत ऐकते, हां, मग, अगंबाई करते. हा धंदा झाला की काय झालं? माझ्या आजोळी एक म्हातारे होते ते रोज संध्याकाळी पारावर येऊन तीच गोष्ट सांगायचे आणि कुणीतरी ऐकायचं, फुकट. पार गेला, म्हणून हे आलं असं सोपं गणित मी मांडणार नाही, पारावर बायकांना जागा नव्हतीच. पण तो बैल माझ्या डोक्यातून जात नाही.

आणि आता तर बोलायला माणूसही लागत नाही. ऑफिसमधल्या एका पंचवीस वर्षांच्या पोराने मला कौतुकाने दाखवलं, फोनमधली मैत्रीण, मशीनच, पण गुड मॉर्निंग म्हणते, काल तू दमला होतास ना विचारते. २०२३ च्या फेब्रुवारीत रेप्लिका नावाच्या अशाच एका ॲपने त्यातलं शृंगाराचं बोलणं बंद केलं तेव्हा तिकडे कितीतरी लोक खरंच शोक करत बसले होते, माणूस गेल्यासारखा. मला आधी हसू आलेलं, मग आलं नाही. मैत्रिणीने हे सगळं तिच्या मीटिंगमध्ये बायकांना सांगितलं, की अशी अशी मशीन आलीये, चोवीस तास बोलते, कधी चिडत नाही, आजारी पडत नाही. सगळ्या गप्प. मग मागून एकीने विचारलं, महिन्याला किती घेते ती? मैत्रिणीने साधारण आकडा सांगितला. बाईने मनातल्या मनात हिशेब केला आणि म्हणाली, मग आमचा बैलवाला तिकडे जायचा नाही, त्याला उधारी लागते.

माझा डिस्प्ले त्या दिवशी लागला नाहीच, पार्ट संपला होता, दुसऱ्या दिवशी या म्हणाला. फोन तिथेच ठेवून आले. ती रात्र मी झोपले नाही नीट. फोन नाही म्हणून नाही, ती चिकटपट्टी दिसत होती, उलटा एल. लपवण्यासारखं माझ्याकडे तसं काय आहे, असं स्वतःला सांगत एकेक आठवत गेले आणि आठवता आठवता यादी बरीच लांबली.

दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा पाऊस थांबला होता आणि कुठल्यातरी मंडळाचं ढोलपथक सराव करत होतं, काउंटरची काच थरथरत होती. फोन सुरू होता, चकचकीत. पोराने मागची टेप ओरबाडून काढली आणि चुरगाळून काउंटरखालच्या डब्यात टाकली, डबा तसल्याच टेपांनी निम्मा भरला होता. मी तिथेच उभी राहून लॉक बदललं. त्याच्याकडे पाठ करून, आणि ती काल कशी उभी होती तशीच मी उभी आहे हे बदलून झाल्यावर लक्षात आलं. मग स्कॅन केलं, पैसे पाठवले. ढोलामुळे स्पीकरचा आवाज कुणालाच कळला नाही, म्हणून त्याने स्वतःचा फोन उघडून बघितला आणि खात्री करायला मोठ्याने वाचलं. माझं नाव, वडलांचं नाव, आडनाव, ढोलाच्या वर जाईल अशा आवाजात. हेच ना, मॅडम?

स्टुलावर दुसरीच कुणी बाई बसली होती. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

हो, म्हटलं, हेच.

आणि पिशवी सावरत बाहेर पडले, डावीकडे लांबचा पण रोजचा रस्ता होता, उजवीकडे जवळचा.

उजवीकडे वळले.

दुपारची वेळ, गल्ली सुस्त. एका पायरीवर शाळेच्या कपड्यातला मुलगा बसून मेणाच्या खडूने काहीतरी रंगवत होता, तो तिचाच असेल असं मानायला काही कारण नव्हतं. मी पुढे बघून चालत होते. मग थांबले, जरा बाजूला बघितलं. हिरवा हत्ती होता.

हत्ती हिरवा कसा, मी विचारलं.

काळा संपला, तो म्हणाला.

आतून कुणीतरी त्याला हाक मारली. जे नाव होतं ते मी इथे लिहीत नाही.